त्यांनी गाव वसवले आणि आपण अतिक्रमण केले?

गाव कोणी वसवले, असा प्रश्न आपल्या मालेगाव तालुक्यातल्या कोणत्याही गावात विचारून पाहा. उत्तर ठरलेले असते. अमक्या पाटलाच्या मूळ पुरुषाने वसवले, तमक्या देशमुखाला बादशहाकडून सनद मिळाली, फलाण्याने जंगल तोडून पहिला नांगर धरला. हे उत्तर देणारा माणूस खोटे बोलत असतो असे नाही. त्याला जे सांगितले गेले तेच तो सांगतो. पण त्या कथेत नांगर धरणारा एकच हात दिसतो. त्या नांगराचा कातडी नाडा कोणी वळला, गावाची शिव कोणी चालून दाखवली, रात्री वेशीवर कोण जागला, सरकारी खजिन्यात सारा कोणी पोचवला, मेलेले ढोर ओढून नेऊन गाव रोगराईपासून कोणी वाचवले, या प्रश्नांना गावाच्या जन्मकथेत जागा नाही. ती माणसे वेशीबाहेर राहत होती, म्हणून कथेच्याही बाहेर राहिली.

या लेखात मला एवढेच मांडायचे आहे की गाव वसवणाऱ्यांच्या यादीत आपले पूर्वज आहेत. आणि ही गोष्ट फक्त अभिमानाची नाही. आज गायरानावरच्या आपल्या झोपड्यांना आणि वावरांना ज्या नोटिसा येतात, त्यांचा या विसरण्याशी थेट संबंध आहे.

नावात काय लपले आहे?

नाशिक जिल्ह्यातले मालेगाव सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आपले मालेगाव कागदावर 'मालेगाव जहांगीर' आहे. वऱ्हाडात गावांच्या नावापुढे अशी शेपटे बरीच सापडतात. कुठे बुद्रुक, कुठे खुर्द, कुठे जहागीर, कुठे इजारा. बुद्रुक-खुर्द म्हणजे मोठे-धाकटे. जहागीर म्हणजे ज्याचा सारा कोणा सरदाराला किंवा मानकऱ्याला तोडून दिला होता ते गाव. इजारा म्हणजे मक्त्याने दिलेले गाव. म्हणजे गावाच्या नावातच कागद कोणाच्या नावाने फाटला त्याची आठवण जपलेली आहे. ज्याने माती खोदली त्याची आठवण नावात नाही.

हा प्रकार नवा नाही. आपले वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा त्याच्या राज्यवर्ष ३७ मधला जो ताम्रपट 'वाशीम ताम्रपट' म्हणून प्रसिद्ध आहे, त्यात एका गावाचे दान ब्राह्मणांना दिल्याची नोंद आहे. दान घेणाऱ्यांची नावे आहेत, गोत्रे आहेत, कोणाला किती हिस्सा तेही आहे. वाकाटकांच्याच दुसऱ्या शाखेतल्या प्रवरसेनाचा चम्मक ताम्रपट अमरावती जिल्ह्यातला. त्यात चर्मांक नावाचे गाव एक हजार ब्राह्मणांना दिल्याचे म्हटले आहे आणि त्यांपैकी ४९ जणांची नावे कोरली आहेत. अशा दानपत्रांत सवलतींची यादीही असते. त्या गावात सैनिकांनी शिरू नये, गावाकडून राजाच्या अधिकाऱ्यांसाठी कातडी आणि कोळसा मागू नये, अशा त्या सवलती.

जरा थांबून याचा अर्थ लावू. कातडे मागितले जात होते, म्हणजे कोणीतरी ते कमावत होते. कोळसा मागितला जात होता, म्हणजे कोणीतरी रानात भट्टी लावत होते. गावात ही माणसे होती, त्यांच्या श्रमावर गाव उभे होते. तांब्याच्या पत्र्यावर त्यांचे कातडे आले, त्यांचा कोळसा आला, नाव मात्र आले नाही.

आपल्या अभिमानाच्या जागीही हे घडले आहे, ते लपवायचे कारण नाही. अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे याच वत्सगुल्म शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने भिक्खूसंघाला अर्पण केले. त्याचा शिलालेख आजही तिथे आहे. दगडावर छिन्नी मारणाऱ्यांची नावे त्या लेखात नाहीत. दात्याचे नाव कोरायचे आणि कष्टकऱ्याचे गाळायचे, ही सवय इतिहासलेखनाच्या हाडात आहे. फुले-आंबेडकरी विचाराच्या माणसाने ती सवय सगळीकडे ओळखली पाहिजे, स्वतःच्या घरातसुद्धा.

गाव एकदाच वसत नाही

शाळेच्या पुस्तकातून आपल्या मनात असे बसते की गाव कधीतरी एकदा वसले आणि तेव्हापासून आहे तसे आहे. वऱ्हाडाचा इतिहास असा नाही. दुष्काळ, लढाया आणि लूटमार यांत गावेच्या गावे ओस पडत आणि पुन्हा वसत. मराठी कागदपत्रांत यासाठी वेगळी शब्दसंपत्तीच आहे. घरे ज्या जागी असतात ती पांढरी, शेते असतात ती काळी. ओस गावात माणसे परत यावीत म्हणून सरकार 'कौल' देई, म्हणजे अभय आणि सवलतीचे वचन. पडीत जमिनीवर पहिल्या वर्षी थोडा सारा आणि पुढे दरवर्षी चढता, त्या पद्धतीला 'इस्तावा' म्हणत. ज्याचा वंश उरला नाही तो 'गतकूळ'. नव्याने येऊन जमीन कसणारा तो 'उपरी'. हे शब्दच सांगतात की गाव ही पुन्हा पुन्हा वसवावी लागणारी गोष्ट होती.

फार मागे जायलाही नको. १८९९-१९०० च्या दुष्काळाचा घाव वऱ्हाडाच्या जनगणनेत दिसतो. १८९१ मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाखांच्या आसपास आली. वाढायची तिथे घटली. वाशीम तेव्हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून अकोल्यात घातला गेला आणि पुढे १ जुलै १९९८ रोजी पुन्हा जिल्हा झाला. अशा दुष्काळानंतर जी माणसे गावात टिकली किंवा परतली, तीही गाव वसवणारीच नव्हेत का?

ओस पडलेले गाव पुन्हा वसवताना पहिला प्रश्न येई शिवेचा. आपले गाव कुठे संपते आणि शेजारचे कुठे सुरू होते? धुरे मोडलेले, दगड वाहून गेलेले, झाडे तोडलेली. अशा वेळी साक्ष कोणाची? महाराची. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई आणि शिव चालून दाखवायचे कामही त्याच्याकडे येई, हे मराठी कागदपत्रांत आणि इंग्रजी अमलातल्या नोंदींत पुन्हा पुन्हा येते. ज्याला गावात पाय ठेवायला बंदी, त्याच्या पायाने गावाची हद्द ठरत होती! ज्याच्या सावलीचा विटाळ, त्याच्या शब्दावर पाटलाची जमीन मोजली जात होती! जातव्यवस्थेचा ढोंगीपणा समजून घ्यायला याहून मोठा दाखला शोधायची गरज नाही.

दुसरे उदाहरण कागदाचे. आपल्या विदर्भात जातीचा दाखला काढायला गेलेल्या प्रत्येक पोराला 'कोतवाल बुक' हा शब्द माहीत असतो. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो आणि तो पुष्कळदा कोतवाल बुकाच्या नकलेतच सापडतो. गावातल्या जन्म-मृत्यूची ही नोंदवही. गावात कोण जन्मले, कोण मेले, ही बातमी दारोदार फिरून गोळा करणारा आणि ठाण्यापर्यंत पोचवणारा तो कोतवाल. आपल्या भागात हे काम पिढ्यान् पिढ्या बहुतेक महारांकडेच होते. म्हणजे पाटलाच्या आजोबाचा जन्म ज्या वहीत आहे, ती वही आपल्या आजोबाच्या पायपिटीतून भरली. गावाने आपली आठवण आपल्याच पूर्वजांकरवी जपली आणि त्यांनाच आठवणीतून वगळले.

आणि एकटे महारच कशाला? मांगाचा दोर नसता तर मोट विहिरीत उतरली नसती. चांभाराच्या जोड्याशिवाय आणि मोटेशिवाय बागाईत झाली नसती. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहणारे लमाण तांडे रस्ते आणि रेल्वे आल्यावर आपल्या डोंगराळ भागात स्थिरावले आणि त्यांनी माळरान फोडले. आंध आदिवासी इथे आहेत, मुसलमान कारागीर आणि शेतकरी आहेत. या सगळ्यांच्या घरातल्या बायकांनी शेण-माती, पाणी, निंदण, वेचणी केली नसती तर एकही हंगाम निघाला नसता. गाव वसवणे हे एका शूर मूळ पुरुषाचे काम कधीच नव्हते.

अभिमानाचा सापळा

इथे आपल्याच चळवळीतून एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. बाबासाहेबांनी संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी गावगाड्याची जी चिरफाड केली, ती आपल्याला पाठ आहे. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयतेचे घर म्हणजे भारतीय खेडे, असे त्यांचे मत होते. संविधानाचा घटक खेडे नसून व्यक्ती आहे, याचे त्यांनी समाधान व्यक्त केले. मग आपण 'आम्हीही गाव वसवले' असे म्हणत त्याच गावाच्या आरतीत टाळ वाजवायचा का?

मुळीच नाही. सेवेचा अभिमान हा गुलामाला दिलेला शेवटचा दागिना असतो. बिदरच्या बादशहाने महारांना बावन हक्क दिले, ही परंपरा आपल्या समाजात मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. त्या हक्कांत काय होते ते नीट पाहा. मेलेल्या ढोरावर हक्क, खळ्यावरच्या धान्यावर हक्क, सणावारी भाकरीवर हक्क, लग्नकार्यात ठराविक मान. यांतल्या कितीतरी 'हक्कांना' बाबासाहेबांच्या चळवळीने लाथ मारली, कारण ते हक्काच्या वेषातले बंधन होते. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते यासाठीच. वतनाची जमीन तुटपुंजी, काम चोवीस तासांचे, आणि एक माणूस कामावर नाही आला तर सगळे घर राबवायचे. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताशी जोडलेले होते आणि कायदा वेगळा होता, पण भाकर मागून पोट भरायची लाचारी इकडेही तीच होती.

तरीही याच बावन हक्कांकडे बाबासाहेबांनी आणखी एका नजरेने पाहिले. १९४८ च्या 'अस्पृश्य मूळचे कोण?' या ग्रंथात त्यांनी प्रश्न विचारला की अस्पृश्य गावाबाहेर का राहतात? ते आत होते आणि विटाळामुळे बाहेर काढले गेले, हे उत्तर त्यांनी नाकारले. त्यांची मांडणी अशी की टोळ्यांच्या लढायांत पराभूत होऊन विखुरलेली माणसे स्थिरावलेल्या वस्त्यांच्या कडेला राहिली. वस्तीला राखण हवी होती आणि या माणसांना आसरा हवा होता. दोघांत करार झाला. आयर्लंड आणि वेल्समधल्या अशाच बाहेर ठेवलेल्या लोकांची उदाहरणे त्यांनी दिली. बावन हक्क हे त्या जुन्या कराराचे अवशेष असावेत, असे त्यांनी सुचवले. अस्पृश्यता त्यावर नंतर लादली गेली.

या मांडणीवर इतिहासकार वाद घालतात, घालू द्या. आपल्या कामाचा मुद्दा त्यातला करार हा आहे. बाबासाहेबांच्या मांडणीत आपले पूर्वज गावाचे भिकारी नाहीत, गावाशी करार केलेला पक्ष आहेत. गावाने तो करार मोडला. राखण घेतली, शिव चालवून घेतली, ढोरे ओढून घेतली, आणि मोबदल्यात शिळी भाकर अन् विटाळ दिला. म्हणून पूर्वजांची आठवण ठेवायची ती हिशेब मागण्यासाठी. केलेले काम आपले आहे, लादलेली लाचारी आपली नाही. हा भेद पक्का असला तर अभिमानाच्या सापळ्यात पाय अडकत नाही.

दुसऱ्यांदा वसवणारे

आता खऱ्या अर्थाने ज्यांना 'आद्य वसाहतकार' म्हणावे अशा माणसांकडे येऊ. ती फार जुनी नाहीत. आपल्या आज्या-आजोबांची पिढी.

वेगळी वस्ती, स्वतःची जमीन हा विचार बाबासाहेबांच्या राजकारणाच्या केंद्रस्थानी होता, हे आपण बऱ्याचदा विसरतो. जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म झाला. त्याच परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावे वसवण्याची मागणी करणारा ठराव झाला. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात बाबासाहेबांनी त्याला कायद्याचा आकार दिला. सरकारच्या पडीत जमिनी ताब्यात घेऊन त्यांवर अनुसूचित जातींची स्वतंत्र गावे वसवणारा एक वसाहत आयोग असावा, आणि त्यासाठी केंद्राने दरवर्षी पाच कोटी रुपये बाजूला काढावेत, अशी ती मागणी. संविधानात ती आली नाही. ती आली असती तर आपल्या तालुक्याचा नकाशा आज वेगळा दिसला असता.

आयोग आला नाही, पण माणसे थांबली नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि तिची लाट वऱ्हाडातल्या वस्त्या-वस्त्यांत पोचली. घरातले देव पाण्यात सोडले गेले. ढोरे ओढणे बंद, येसकरकी बंद, भाकर मागणे बंद. आज हे एका ओळीत लिहून होते. तेव्हा त्याची किंमत होती बहिष्कार. मजुरी बंद, किराणा बंद, पाणवठा बंद, पाटलाच्या वावरातून जायची पायवाट बंद. शिवाय बौद्ध झाल्यामुळे केंद्र सरकारच्या अनुसूचित जातींच्या सवलती गेल्या, त्या १९९० पर्यंत परत मिळाल्या नाहीत. एवढे गमावून या माणसांनी गावाच्या कडेला एक नवी वसाहत उभी केली. घरे जुन्याच जागी असतील, पण गावाशी असलेले नाते नवे होते. चावडीऐवजी विहार, पोतराजाऐवजी बौद्धाचार्य, जत्रेऐवजी भीमजयंती, आणि पोरांच्या हातात पाटी. याला वसाहत म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

आणि मग जमीन. दादासाहेब गायकवाडांनी १९५३ मध्ये मराठवाड्यात आणि १९५९ मध्ये खानदेश-नाशिककडे भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. ६ डिसेंबर १९६४ पासून फेब्रुवारी १९६५ पर्यंत रिपब्लिकन पक्षाने देशभर सत्याग्रह केला. पडीत जमीन भूमिहीनांना द्या, कसेल त्याला जमीन द्या, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, अशा मागण्या होत्या. पक्षाच्या आकड्यांनुसार तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली. त्यात म्हाताऱ्या होत्या, कडेवर लेकरे घेतलेल्या बाया होत्या. त्या काळात आणि पुढच्या दोन-तीन दशकांत महाराष्ट्रभर हजारो भूमिहीन कुटुंबांनी गायरानावर नांगर घातला. दगड वेचले, धुरे घातले, ज्वारी पेरली.

१८६५ आणि १९६५

आता दोन तारखा शेजारी ठेवू. इंग्रज सरकारने वऱ्हाडात १८६५ मध्ये पडीत जमिनीचे नियम केले. त्या नियमांखाली मुख्यतः आताच्या यवतमाळ आणि वाशीमच्या भागात ओसाड टापू मक्त्याने दिले गेले. मुदत तीस वर्षांची. इजारदाराने जमीन लागवडीस आणायची, वस्ती करायची, आणि बदल्यात जमिनीवर कायमचा हक्क कमवायचा. ज्याच्याजवळ पैसा आणि साहेबापर्यंत पोच होती, त्याला हा मक्ता मिळाला. पुष्कळदा तो स्वतः तिथे राहायलाही गेला नाही. झाडे तोडली मजुरांनी, दगड वेचले मजुरांनी. पण गावाचे नाव पडले इजारा, आणि इतिहासात इजारदार ठरला गाव वसवणारा.

बरोबर शंभर वर्षांनी, १९६५ मध्ये, त्याच मजुरांच्या नातवांनी तेच काम केले. पडीत जमीन फोडली, लागवडीस आणली, वस्ती केली. त्यांना काय म्हटले गेले? अतिक्रमक. त्यांना तीस वर्षांचा मक्ता मिळाला नाही, तुरुंग मिळाला. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना १-ई नावाची नोंदवही असते. अतिक्रमणांची नोंदवही. पाटलाच्या मूळ पुरुषाची नोंद सनदेत आहे, इजारदाराची करारनाम्यात आहे, आणि आपल्या मूळ पुरुषाची नोंद नमुना १-ई मध्ये आहे. कृती एकच. एकाला तिने मालक केले, दुसऱ्याला गुन्हेगार.

म्हणून मी म्हणतो की इतिहासातले विसरणे निरागस नसते. 'हे गाव त्यांनी वसवले' हे वाक्य गावाने एकदा मान्य केले की 'गायरान गावाचे आहे, तुम्ही कोण?' हे पुढचे वाक्य आपोआप येते. गाव म्हणजे ते, आणि आपण गावात घुसलेले. २०११ च्या जनगणनेत वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास १२ लाख होती आणि त्यात अनुसूचित जातींचा वाटा सुमारे एक पंचमांश. दर पाचांत एक माणूस! तरी सार्वजनिक जमिनीवर तो उपरा!

कायद्यात आपल्या बाजूचे काही आहे, ते कार्यकर्त्याला तोंडपाठ हवे. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करायचे धोरण ठरले. १४ एप्रिल १९९० ही तारीख कोणती, हे सांगायला नको. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे वर्ष त्या दिवशी सुरू झाले. पुढे जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी गावच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणे काढायचा आदेश दिला. त्यावर बोट ठेवून महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ चा निर्णय काढला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांची स्वतःहून दखल घेतल्यावर राज्यभर नोटिसा गेल्या. पण जगपाल सिंग निकालातच अपवाद नोंदलेला आहे. शासनाच्या आदेशाने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिलेला असेल तर नियमित करता येते. नोटीस हातात देणारा कर्मचारी हा अपवाद वाचून दाखवत नाही. तो आपण वाचायचा असतो.

आणखी एक विसंगती पाहा. भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी शासनाने २००४ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना आणली. चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन विकत घेऊन द्यायची. योजनेला नाव दादासाहेबांचे. दादासाहेबांच्या हाकेवर ज्यांनी पडीत जमीन स्वतःच्या घामाने लागवडीस आणली, त्यांना मात्र उठवायचे. सरकार बाजारात जमीन शोधत फिरते आणि कसणाऱ्याच्या पायाखालची काढून घेते.

पाटी बदलण्याआधी

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा ही नावे जाऊन समतानगर, भीमनगर अशी नावे यावीत. हा निर्णय योग्यच आहे. शिवी कोणाच्या पत्त्यात असू नये. पण नवी पाटी लावताना एक काम सोबत केले पाहिजे. त्या वस्तीत पहिले घर कोणाचे, विहार कोणी बांधले, त्याला जागा कोणी दिली, पहिली जयंती कोणत्या साली निघाली, तिच्यावर दगड पडले तेव्हा पुढे कोण उभे होते, वस्तीची पहिली विहीर कोणाच्या श्रमदानातून खोदली गेली, शाळेत जाणारी पहिली मुलगी कोण, हे लिहून ठेवले पाहिजे. नाहीतर पन्नास वर्षांनी भीमनगरचे पोर म्हणेल की ही वस्ती सरकारने वसवली. पाटीवर सरकारी योजनेचे नाव असेलच!

हे काम अवघड नाही. वस्तीतली ऐंशीच्या पुढची माणसे आधी गाठा, त्यांच्याजवळ वेळ कमी आहे. फोनवर त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा. पुरुषांना जमीन आणि तुरुंग विचाराल, बायांना बहिष्काराच्या काळात चूल कशी पेटली ते विचारा. खरा इतिहास तिथे आहे. जात्यावर म्हटलेली गाणी विचारा. मग कागद. कोतवाल बुकाची नक्कल, जुना सातबारा, फेरफार, पीकपेऱ्याच्या नोंदी, नमुना १-ई चा उतारा, दंडाच्या पावत्या, सत्याग्रहाच्या काळातले तुरुंगाचे दाखले. अतिक्रमणाचा दंड भरल्याची फाटकी पावती म्हणजे आपला ताम्रपट आहे. अमक्या साली ही जमीन अमका माणूस कसत होता, याचा तो सरकारनेच लिहून दिलेला पुरावा. १४ एप्रिल १९९० पूर्वीची एक पावती एखाद्या कुटुंबाची चूल वाचवू शकते. म्हणजे आठवण लिहिणे आणि हक्क मागणे ही दोन वेगळी कामे नाहीत.

आणि लिहिताना प्रामाणिक राहू. मातंग, चर्मकार, बंजारा, आंध, मुस्लिम शेजाऱ्यांची नावे गाळून फक्त आपल्या जातीचा गौरवग्रंथ केला, तर आपणही तांब्याचा पत्राच कोरला असे होईल. घरातल्या बायांची नावे गाळली तरी तेच. बाबासाहेबांनी दिलेली कसोटी व्यक्तीची आहे. वस्तीतल्या प्रत्येक माणसाचे नाव त्या वहीत आले पाहिजे.

येत्या १४ एप्रिलला आपल्या वस्त्यांत डीजे वाजणारच आहे, वाजू द्या. त्याच्या वर्गणीतून शंभर-दोनशे रुपये काढून एक जाड वही आणा. पहिल्या पानावर वस्तीचे नाव लिहा आणि खाली पहिल्या घराच्या बाईचे नाव. तलाठ्याकडे अर्ज करून नमुना १-ई चा उतारा मागा आणि तो त्याच वहीत चिकटवा. पुढच्या वेळी कोणी 'तुम्ही कोण?' असे विचारले तर उत्तर तोंडी द्यायची गरज पडणार नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!